सबबींचे दफ्तर

लूकच्या शुभवर्तमानातील चौदाव्या अध्यायात मोठ्या मेजवानीचा जो दृष्टान्त आहे, तो सांगताना आमचे बरेच उपदेशक त्यातील निमंत्रितांची थोडी थट्टा करतात. डोळ्यांनी पाहिल्यावाचून कोणी शेत विकत घेतो काय, औताला जुंपून पाहिल्यावाचून कोणी पाच जोड बैलांचे पैसे मोजतो काय, आणि घरात नवी नवरी आली म्हणून एका रात्रीच्या जेवणाला जाण्यास कोणाला मज्जाव होतो काय, असे प्रश्न व्यासपीठावरून आले की मंडळीत हशा पिकतो, आणि तिघांनाही लबाड ठरवून श्रोते निश्चिंत मनाने घरी जातात. मला ही थट्टा अन्यायाची वाटते, आणि तितकीच सोयीचीही वाटते. हे तिघे खोटे बोलत होते, असे मूळ कथेत कोठेही म्हटलेले नाही. शेत खरे होते, बैल खरे होते, लग्नही खरे होते. ज्याने नवे घर बांधले, नवा द्राक्षमळा लावला किंवा ज्याची वाग्दत्त वधू अजून घरी यावयाची आहे, त्याला मोशेच्या नियमशास्त्राने युद्धावर जाण्यापासूनदेखील सूट दिली होती, आणि नवविवाहिताला तर पुरे एक वर्ष मोकळीक होती. म्हणूनच की काय, पहिल्या दोघांनी निदान माफी तरी मागितली. तिसऱ्याने तेवढीही तसदी न घेता, आपल्याला येता येत नाही, एवढ्यावरच विषय संपवला. त्याच्या बाजूला शास्त्राचा दाखला होता.

खोटी सबब अल्पायुषी असते. ती सांगणाऱ्यालाच टोचते, चार लोकांत उघडी पडते आणि पुष्कळदा पश्चात्तापाला कारण होते. खऱ्या सबबीला मात्र मरण नाही. प्रार्थना, उपवास, शास्त्रपठण, दान, क्षमा आणि आज्ञापालन यांपासून ख्रिस्ती मनुष्याला आजवर ज्या कारणांनी दूर ठेवले, त्यांतील बहुतेक कारणे अगदी खरी होती, कित्येक सद्‌गुणांच्या कुळातली होती, आणि त्यामुळेच त्यांचा बंदोबस्त कोणाला करता आला नाही.

कचेरीत वावरलेल्या मनुष्याला याचे मर्म चटकन कळेल. समन्स हाती पडल्यावर हुकूम मान्य नाही असे उघड म्हणणारा पक्षकार क्वचितच आढळतो; शहाणा पक्षकार हुकूम शिरसावंद्य मानतो आणि पुढची तारीख मागून घेतो. आजारपण, घरचे कार्य, पेरणीचे दिवस, वकिलाची गैरहजेरी, नकला मिळण्यास लागलेला विलंब, यांपैकी प्रत्येक कारण खरे असते, प्रत्येकाला दाखला जोडलेला असतो, आणि अशा खऱ्या कारणांच्या बळावर बापाच्या हयातीत दाखल झालेला दावा मुलाच्या हयातीतही चालू राहतो, तरी हुकमाचा अवमान केल्याचा ठपका कोणावरही येत नाही. आपल्या अंतःकरणात असेच एक दफ्तर असते. प्रभूची एकही आज्ञा त्यात फेटाळलेली सापडणार नाही. सर्व आज्ञा तेथे मोठ्या आदराने तहकूब ठेवलेल्या असतात.

पवित्र शास्त्रात जशी विश्वासवीरांची चरित्रे आहेत तशा उजरकर्त्यांच्या कैफियतीही आहेत, आणि त्या लिहिणाऱ्याने कोणाची भीड ठेवलेली नाही. आदामाने आपला दोष पत्नीवर टाकला, आणि ती पत्नी देवाने दिली असल्याचे सुचवून थोडा देवावरही टाकला. सिनायच्या पायथ्याशी सोन्याचे वासरू उभे राहिले तेव्हा अहरोनाने जी कैफियत दिली ती तर इतकी निरागस आहे की वाचताना हसू आवरत नाही: लोकांनी आणून दिलेले सोने आपण विस्तवात टाकले आणि त्यातून हे वासरू बाहेर पडले! त्याच्या हातातल्या कोरणीचा उल्लेख शास्त्रकाराने आधीच करून ठेवलेला आहे, अहरोनाने तो गाळला.

या सर्वांत मोशेची हकीकत मला विशेष विचार करण्याजोगी वाटते. जळत्या झुडपासमोर अनवाणी उभ्या असलेल्या त्या वृद्धाने, ज्याचे वय फारोसमोर उभे राहताना ८० वर्षांचे होते असे निर्गमाच्या पुस्तकात नमूद आहे, एकामागून एक हरकती घेतल्या. एवढ्या मोठ्या कामाला मी कोण. पाठवणाऱ्याचे नाव विचारले तर काय सांगू. लोक माझ्यावर विश्वास ठेवणार नाहीत. माझी जीभ जड आहे. या चारही हरकतींत असत्य काहीच नव्हते, आणि म्हणून प्रत्येकीला धीराने उत्तर मिळाले: सोबतीचे आश्वासन मिळाले, नाव सांगितले गेले, काठीचा साप करून दाखवला गेला, जीभ निर्माण करणाऱ्याची आठवण दिली गेली. मग सांगण्यासारखे कारण उरले नाही, तेव्हा मोशेने दुसऱ्या कोणाला तरी पाठवण्याची विनंती केली. आणि परमेश्वराचा कोप भडकल्याचा उल्लेख येथे पहिल्यांदा येतो. हरकतींचा राग देवाला आला नव्हता. हरकती फिटल्यावर तळाशी जी नुसती नाखुशी उरली, तिचा आला. आपल्या सबबींचीही अशीच एकेक करून झडती घेतली, तर शेवटी हाती काय लागेल, हे सांगण्यास संदेष्ट्याची गरज नाही.

शौल राजाने याच्याही पुढची मजल गाठली. अमालेक्यांच्या जनावरांपैकी काहीही राखू नये असा हुकूम असता त्याने निवडक गुरेमेंढरे राखली, आणि आज्ञा तंतोतंत पाळल्याचे सांगत तो शमुवेलाला सामोरा गेला. त्या युद्धाच्या हुकमाविषयी आजच्या वाचकाच्या मनात जे प्रश्न उठतात ते घटकाभर बाजूला ठेवले, तरी मागे मेंढरे ओरडत असता पुढे उभे राहून आज्ञापालनाची ग्वाही देणारा तो उंच, देखणा राजा डोळ्यांपुढून हलत नाही. त्याची सबब कोणती होती? ही जनावरे देवाला यज्ञ करण्यासाठीच राखली आहेत! आज्ञाभंगालाच उपासनेचे वस्त्र नेसवण्याची ही युक्ती पुढे फार प्रतिष्ठा पावली. आईबापांना द्यावयाचे धन देवाला वाहिलेले आहे असे जाहीर करून म्हातारपणी त्यांना वाऱ्यावर सोडणाऱ्यांना येशूने मार्काच्या सातव्या अध्यायात धारेवर धरले आहे, ते याच युक्तीसाठी. धर्म चुकवावयाचा तर धर्माइतकी सुरक्षित आडोशाची जागा दुसरी नाही.

चौथ्या शतकात मिसरच्या वाळवंटात जे तपस्वी राहिले त्यांना ही गोष्ट आपल्यापेक्षा बरीच अधिक समजली होती, कारण शेत, बैल आणि लग्न या तिन्ही सबबी मागे टाकूनच ते तेथे गेले होते आणि तरीही सबबींनी त्यांचा पिच्छा सोडला नव्हता. त्यांच्यापैकीच, ३९९ साली वारलेल्या इव्हाग्रियसने मध्यान्हीच्या भुताचे जे वर्णन करून ठेवले आहे, ते वाचून कोणत्याही प्रार्थना करणाऱ्या मनुष्याला आपली ओळख पटावी. सकाळ उलटली की हे भूत येते. सूर्य आकाशात खिळल्यासारखा वाटतो, दिवस ५० तासांचा भासतो, आणि साधू पुनःपुन्हा झोपडीच्या खिडकीशी जाऊन, भोजनाच्या प्रहराला अजून किती अवकाश आहे, हे उन्हावरून अजमावू लागतो. मग ही झोपडी नकोशी होते, सोबतचे बंधू प्रेमशून्य वाटू लागतात. त्या परंपरेचे ज्ञान पुढे गॉल देशात नेणाऱ्या जॉन कॅसियनने या वर्णनात एका सूक्ष्म गोष्टीची भर घातली. अशा वेळी साधूला पापाची आठवण होत नाही. आठवतात ती पुण्यकृत्ये. दूर कोठे एक बंधू आजारी आहे, त्याचा समाचार घ्यावयास हवा. अमक्या धर्मनिष्ठ बाईला नातेवाइकांचा आधार नाही, तिची विचारपूस करावयास हवी. झोपडीत रिकामे बसून राहण्यापेक्षा ही सेवा श्रेष्ठ नव्हे काय? अर्थात श्रेष्ठ असेल. पण ती नेमकी प्रार्थनेच्याच प्रहरी आठवते, आणि प्रार्थना संपताच विस्मृतीत जाते.

संत इग्नेशियस लोयोला यांच्या आध्यात्मिक साधनेच्या ग्रंथाला १५४८ साली पोपची मान्यता मिळाली. त्यात तीन प्रकारच्या माणसांचे एक मनन दिले आहे. तिघांजवळही १०,००० सुवर्णनाणी आली आहेत, ती सर्वस्वी देवाच्या प्रेमाखातर मिळवलेली नाहीत, आणि त्यांच्या मोहातून सुटून देवाशी सलोखा करावा असे तिघांनाही मनापासून वाटते. पहिला मनुष्य ही इच्छा उरात बाळगून असतो, पण त्यासाठी मरणाच्या घटकेपर्यंत काहीच करीत नाही. दुसरा पुष्कळ काही करतो, पण अशा बेताने की मोह जावा आणि नाणी राहावीत. देवाने आपल्या सोयीच्या जागेपर्यंत चालत यावे, असा त्याचा मनसुबा असतो. नाणी राहोत अथवा जावोत, देवाची सेवा ज्यात अधिक घडेल ते स्वीकारावे, एवढीच तिसऱ्याची मनीषा. या तिघांत उघड पापी कोणीच नाही. शिवाय पहिल्यापेक्षा दुसऱ्याला ओळखणे कठीण, कारण तो उद्योगी असतो, मंडळीच्या कामांत पुढे असतो, आणि जी एकच गोष्ट त्याच्याकडे मागितलेली असते, तिच्या मोबदल्यात इतर दहा गोष्टी तो उदारपणे देत असतो.

आपल्या मंडळ्यांतही हा दुसरा मनुष्य सर्वांच्या ओळखीचा आहे. रविवारची उपासना आटोपून लोक आवारातल्या कडुनिंबाखाली रेंगाळत असतात, तेव्हा असे संभाषण कानावर पडते:

"सलाम, मास्तर. शुक्रवारी प्रार्थनेला दिसला नाहीत?"

"सलाम, पाळकसाहेब. निघालोच होतो, चपलासुद्धा घातल्या होत्या. इतक्यात व्याही आले. आता दारी आलेल्या माणसाला टाकून यावं, हे तरी ख्रिस्ती माणसाला शोभतं का?"

पाळकसाहेब मान डोलावतात. दुसरे ते करणार तरी काय? पाहुणचाराच्या पुण्याविषयी मागच्याच रविवारी त्यांनी स्वतः उपदेश केलेला असतो. व्याह्यांनाही बरोबर घेऊन प्रार्थनेला येता आले असते, हा विचार त्या क्षणी दोघांनाही सुचत नाही, किंवा सुचला तरी कोणी बोलून दाखवीत नाही.

याच मास्तरांच्या घरी पवित्र शास्त्राची मोठी प्रत भरतकामाच्या रुमालात गुंडाळून कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवलेली असते. पहिल्या कोऱ्या पानावर आजोबांच्या वळणदार अक्षरातली, जन्मांची व बाप्तिस्म्यांची नोंद. स्तोत्रसंहितेत गेल्या झावळ्यांच्या रविवारची वाळलेली पात. यशयात विम्याची पावती. आणि प्रकटीकरणाजवळ सातबाराचा उतारा. महत्त्वाचे कागद घरात सुरक्षित राहण्यासारखी हीच एक जागा आहे, हा सर्वांचा अनुभव. कारण तेथे सहसा कोणाचा हात जात नाही.

वयाप्रमाणे सबबींचा वेष बदलतो, हेही पाहण्यासारखे आहे. विद्यार्थिदशेत परीक्षा आड येते आणि नोकरी लागल्यावर नेमाने सर्व करण्याचा निश्चय होतो. नोकरी लागली की बदल्या, लग्न आणि घराचे हप्ते आड येतात आणि मुले मोठी होण्याची वाट पाहिली जाते. मुले मोठी झाली की त्यांची शिक्षणे आणि सोयरिकी उभ्या राहतात आणि सेवानिवृत्तीची मुदत मुक्रर होते. आणि ज्या दिवशी निवृत्तिवेतनाचा हुकूम हाती पडतो, त्याच सुमारास गुडघे टेकेनासे होतात, बारीक टाइप दिसेनासा होतो, आणि देव अंतःकरण पाहतो, या सिद्धान्ताचा आश्रय करण्यावाचून गत्यंतर राहत नाही. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्ने म्हणतात; येथे विघ्ने मोजून तितकी नसतात, पण रांगेने उभी असतात, आणि एक बाजूला झाल्यावाचून दुसरे पुढे येत नाही.

नियम सैल केल्याने सबबी कमी होतील अशी आशा धरावी, तर तसा अनुभव नाही. कॅथलिक परंपरेत पवित्र ख्रिस्तप्रसाद घेणाऱ्याने मध्यरात्रीपासून अन्नपाणी वर्ज्य करावे, असा शतकानुशतके दंडक होता. १९५३ साली पाणी पिण्याची मोकळीक मिळाली, १९५७ साली उपवासाची मुदत तीन तासांवर आली आणि १९६४ साली एका तासावर. थकलेभागलेले कामकरी आणि आजारी माणसे यांच्या दृष्टीने ही सवलत न्याय्यच होती; पण मध्यरात्रीचा नियम ज्यांना जड जात असे, त्यांतील कित्येकांना आता तासाभराचाही जाच वाटतो. प्रायश्चित्तकाळातल्या शुक्रवारी एखाद्या घरी मटण कटाक्षाने टाळले जाते, आणि त्याच पानात तळलेले पापलेट व कोळंबीचे कालवण येते. नियमाचे अक्षर अबाधित राहते. शेजारच्या हिंदू घरात एकादशी दुप्पट खाशी अशी जी थट्टा चालते, ती या घरातही तितकीच लागू पडते.

प्रॉटेस्टंट मंडळ्यांना या बाबतीत हसण्याचा अधिकार नाही, कारण त्यांच्याजवळची सबब याहून विद्वान आहे. तारण कृपेने मिळते, कर्माने नव्हे, या सत्यासाठी ज्यांनी छळ सोसला त्यांच्याच वारसांनी पुढे त्या सत्याचे मुखत्यारपत्र करून घेतले: उपवास म्हणजे कर्मकांड, नियमित प्रार्थना म्हणजे यांत्रिकता, आज्ञापालनाचा आग्रह म्हणजे परूशीपणा. जर्मन धर्मपंडित डीट्रिख बॉनहोफर याने १९३७ साली प्रसिद्ध केलेल्या शिष्यत्वाविषयीच्या ग्रंथात अशा कृपेला स्वस्त कृपा म्हटले आहे, आणि तिचा तर्क कसा चालतो हे दाखवण्यासाठी एका लहान मुलाचे उदाहरण दिले आहे. बाप मुलाला झोपावयास जा म्हणतो. मूल धर्मशास्त्र शिकलेले असते तर त्याने विचार केला असता की, बापाची आज्ञा झोपण्याची दिसते, पण तिचा गर्भितार्थ मी थकू नये असा आहे. आणि खेळावयास गेल्यानेही माझा थकवा जाईल. तेव्हा मी खेळावयास जावे, हेच खरे आज्ञापालन. हे लिहिणाऱ्याला परदेशी सुरक्षित राहण्याची संधी होती. तो जर्मनीत परत गेला, आणि ९ एप्रिल १९४५ रोजी फ्लॉसेनबुर्गच्या छावणीत फासावर गेला. त्याच्या लेखी आज्ञेला गर्भितार्थ नव्हता.

इतक्या दूर जाण्याचीही गरज नाही. आषाढात, म्हणजे ऐन पेरणीच्या हंगामात, या महाराष्ट्रात लक्षावधी माणसे शेत आणि बैल भावाच्या किंवा मुलाच्या हवाली करून पंढरीची वाट चालू लागतात. दृष्टान्तातील निमंत्रितांनी जी कारणे पुढे केली, तीच बांधावर ठेवून हा वारकरी निघतो. त्याच्या उपास्याविषयी आमचा मतभेद असेल. पण त्याच्या नेमापुढे आम्ही मान खाली घालावी हे उचित. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी वारकरी संतांचे आपल्यावरील ऋण कधी लपवले नाही; आणि १९१७ साली, उतारवयात, मिशनच्या पगाराची निश्चिती सोडून ते ‘देवाचा दरबार’ मांडावयास निघाले, तेव्हा प्रकृती, संसार आणि चरितार्थ या तिन्ही सबबी त्यांच्याजवळ पुराव्यानिशी तयार होत्या. १९१९ साली ते वारले.

तथापि प्रत्येक असमर्थतेला सबब म्हणणे हाही एक क्रूरपणाच होईल. रात्रभर तान्ह्या मुलाला घेऊन जागलेली आई पहाटेच्या प्रार्थनेला उठू शकत नाही. मधुमेही मनुष्याने उपवास करू नये. दुखणाईत, मजूर, प्रवासी यांना ख्रिस्तसभेने नेहमीच सूट दिली आहे, आणि ती देण्यातच तिचे मातृत्व आहे. मग खरी अडचण आणि सबब यांतील भेद ओळखावा कसा? मला वाटते, त्याची खूण मनाच्या पहिल्या प्रतिक्रियेत असते. कारण सापडताच ज्याला हळहळ वाटते, त्याची अडचण खरी. कारण सापडताच ज्याला हायसे वाटते, त्याने आपले दफ्तर एकदा तपासून पाहावे. याखेरीज दुसरीही एक खूण आहे: खरी अडचण एक दार बंद करते आणि मनुष्य दुसरे शोधू लागतो, तर सबब एका दाराच्या निमित्ताने सारे घर बंद करून घेते. पंडिता रमाबाई १८८३ साली वैद्यकी शिकावी या उद्देशाने इंग्लंडला गेल्या, पण कानांनी नीट ऐकू येत नसल्यामुळे तो मार्ग खुंटला. अडचण पूर्णपणे खरी होती. तेवढ्या भांडवलावर कोणीही आयुष्यभर निवांत बसले असते. त्याच बाई १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन उपाशी मुलींना केडगावास घेऊन आल्या, आणि पुढे हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास करून सबंध बायबलाचे मराठी भाषांतर त्यांनी आपल्या हाताने पुरे केले. कानांची तक्रार शेवटपर्यंत होतीच.

याउलट कैसरियाच्या सुभेदाराचे, फेलिक्साचे, उदाहरण पाहा. त्याने कैदेतल्या पौलाला बोलावून घेतले, आणि नीती, इंद्रियदमन व पुढे होणारा न्याय यांविषयीचे त्याचे भाषण ऐकून तो भयभीत झाला. तेव्हा सवड मिळाली की पुन्हा बोलावीन, असे सांगून त्याने पौलाला परत पाठवले. त्यानंतर फेलिक्साने पौलाला पुष्कळदा बोलावले, त्याच्याशी पुष्कळ संभाषणे केली, त्यात लाचेची आशाही होती, असे प्रेषितांच्या कृत्यांत नमूद आहे. म्हणजे उपदेश ऐकण्यात त्याने कसूर केली नाही. दोन वर्षे गेली, त्याच्या जागी दुसरा अधिकारी आला, आणि कैदी होता तेथेच राहिला. सवड मिळाल्याची नोंद कोठेही नाही.

म्हणून वाचकाला माझी विनंती एवढीच आहे की, नव्या वर्षाचे, नव्या प्रायश्चित्तकाळाचे किंवा निवृत्तीनंतरचे मोठे संकल्प त्याने आज करू नयेत. जी एकच आज्ञा फार दिवस तहकूब राहिली आहे आणि जिचे नाव हा लेख वाचताना त्याच्या मनात दोनदा तरी येऊन गेले असेल, ती घ्यावी: तुटलेल्या भावाला लिहावयाचे पत्र असेल, परत द्यावयाचे पैसे असतील, दहा मिनिटांची सकाळची प्रार्थना असेल. कारणे खरी आहेत, हे मान्य करावे, त्यांच्याशी वाद घालू नये, आणि ती असतानाच आज रात्री निजण्यापूर्वी तेवढी एक तामील करून टाकावी.